तुमच्याकडे हिवाळा आला हे कशावरून कळतं? (खान्देशवाले, हजेरी लावा)

गच्चीवाली_जळगाव | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

नमस्कार मंडळी. आज सकाळी सहाला गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि एकदम वास आला. कुठेतरी वांगी भाजत होते. गॅसवर भाजल्याचा नाही, पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावरचा, तो वेगळाच असतो, जरा कडवट जरा गोड आणि केसांना दिवसभर चिकटून राहणारा. एवढ्या सकाळी कोण भरीत करतंय बाई म्हणून वाकून पाहिलं तर मागच्या प्लॉटवर कुणाकडे साखरपुडा आहे, माणसं पहाटेपासून वांग्यांचा ढीग घेऊन बसलेली. माझा स्वेटर अजून ट्रंकेत आहे, पंखा पण दोनवर चालू आहे, पण माझ्यापुरता हिवाळा आज सुरू झाला.

मागे पुण्याची मैत्रीण म्हणालेली की तुमच्याकडे कसले ऋतू, एक ऊन आणि दुसरं जास्त ऊन. तेव्हा हसले पण ते डोक्यात राहून गेलं. तर तुमच्याकडच्या खुणा सांगा. अट एकच, घरापासून चालत जाता येईल एवढ्यातलंच लिहायचं. तोरणमाळ, पाटणादेवी, मनुदेवीचा धबधबा चालणार नाही. गाडी काढावी लागली की बाद.

शंकेखोर | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

भूक लागली ना भो सकाळी सकाळी. बाकी मला हिवाळा लाइट बिलावरून कळतो. कूलर बंद झाला की बिल निम्मं, तोच आमचा हेमंत ऋतू.

आप्पा_बोरीकाठ | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

ताई, तुम्ही वांग्याचं नाव काढलं पण आमच्या घरी अजून बंदी आहे. एकादशी झाली, चातुर्मास संपला, तरी आई चंपाषष्ठीला खंडेरावाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांगं घरात येऊ देत नाही. काल विषय काढला तर म्हणाली, "काय घाई शे रे तुले?" म्हणजे आमचा हिवाळा तुमच्यापेक्षा तीन आठवडे उशिरा.

माझी खूण वेगळी आहे. रात्री-पहाटे मोटर चालू करायला वावरात जावं लागतं (लाइट कधी असते ते शहरवाल्यांना सांगून काही उपयोग नाही), तेव्हा पाटाचं पाणी पायाला कोमट लागायला लागलं की समजायचं थंडी आली. विहिरीचं पाणी तेच असतं हो, खोलातलं पाणी बारा महिने जवळजवळ सारखंच, बाहेरची हवा गार झाली म्हणून ते कोमट वाटतं आणि मे महिन्यात तेच पाणी गार लागतं. चप्पल काढून दोन मिनिटं नुसता उभा राहतो. पोरगं म्हणतं पप्पा काय करू राहिले, म्हटलं थर्मामीटर लावू राहिलो.

निवृत्त_गार्ड_भुसावळ | १७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

माझं उत्तर एका शब्दाचं आहे पण लांबणार. परीट. काही जण धोबी म्हणतात. राखाडी पांढरा, चिमणीपेक्षा लांबट, शेपटी सारखी खाली-वर, खाली-वर. नोकरीत असताना यार्डात रुळांमध्ये चालताना दिसायचा, उड्या मारत नाही, माणसासारखा एक पाय मग दुसरा पाय टाकत चालतो, मला वाटायचं हा रेल्वेचाच पक्षी. नंतर कळलं की हे हिमालय, मध्य आशिया तिकडून येणारे पाहुणे आणि एप्रिलपर्यंत परत जातात. रिटायर झाल्यापासून आठ वर्षं तो आमच्या अंगणात पहिल्यांदा दिसला की ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. सगळ्यात लवकर १९ सप्टेंबर, सगळ्यात उशिरा ७ ऑक्टोबर, यंदा २८ सप्टेंबर. आमची सौ. म्हणते आठ वर्षं हा एकच आहे, तिला ओळखतो. मी वाद घालत नाही.

लेवा_लेक | १७ नोव्हेंबर, दुपारी १:४०

काका किती भारी!! आठही वर्षांच्या तारखा टाका ना.

निवृत्त_गार्ड_भुसावळ | १७ नोव्हेंबर, दुपारी २:०५

तीन कॅलेंडरं रद्दीत गेली. कुणी दिली ते लिहिलं तर आज जेवण मिळणार नाही.

पथारीवाला_नंदुरबार | १७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

तुम्हाला वास वांग्याचा, आम्हाला मिरचीचा. पावसानं पाठ फिरवली की शहराबाहेर पथारींवर ओली लाल मिरची वाळायला पसरतात, एकरच्या एकर, आणि वारा फिरला की अख्खी कॉलनी शिंकते. बाहेरचे पाहुणे आले की पहिल्या दिवशी खोकतात, दुसऱ्या दिवशी विचारतात की तुम्हाला काही होत नाही का, तिसऱ्या दिवशी त्यांना पण होत नाही. मला हा वास आला की गरम कपडे आठवतात, का ते सांगता येत नाही. माझी आई लहानपणी पथारीवर जायची देठं खुडायला. त्या बायांचे हात रात्री जळतात, झोप लागत नाही, ताक लाव, तेल लाव असं चालू असतं. हे मुद्दाम लिहिलं कारण लाल रंग बघून फोटो काढायला येणारे खूप झालेत आजकाल आणि फोटोत हात येत नाहीत.

गच्चीवाली_जळगाव | १७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

हे लिहिलंत ते बरं केलंत दादा. मी पण तसले फोटो लाइक करत आलेय.

धुळेकर_सध्या_चाकण | १८ नोव्हेंबर, रात्री १:१०

सेकंड शिफ्टवरून आत्ता आलो. माझा हिवाळा आईच्या फोनवरून कळतो. परवा म्हणाली, "आज कळनानी भाकर करी व्हती, तू कव्हय येशी?" बस, थंडी वाजायला लागली. (बाहेरच्यांसाठी, कळणा म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं पीठ, थोडं मीठ. भाकरीचा रंग काळपट येतो आणि वर कच्चं तेल, ठेचा.) रूमवर आम्ही चौघं खान्देशी आहोत, रविवारी वांगं गॅसवर भाजून मिक्सरला फिरवलं आणि भरीत केलं. ठीक झालं होतं.

आप्पा_बोरीकाठ | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:०२

मिक्सर???

शंकेखोर | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

अॅडमिन, या आयडीचं सदस्यत्व रद्द करता येतं का?

पथारीवाला_नंदुरबार | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

आधार कार्डवरचा पत्ता पण बदलायला लावा.

गच्चीवाली_जळगाव | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

पोराला बोलू नका रे, शिफ्ट करून आलंय. ऐक भाऊ, आमच्याकडे बडगी असते, लाकडाची खोलगट, त्यात आधी हिरवी मिरची आणि लसूण ठेचायचा, मग सोललेली वांगी टाकून लाकडी मुसळीनं ठेचायची. ठेचलं की तंतू राहतात, मिक्सरनं लगदा होतो, सगळा फरक तिथेच. तुझ्याकडे बडगी नसणार, तर पातेल्यात वरवंट्यानं ठेच, अगदीच नाही तर पेल्याच्या बुडानं. मग कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, वरून फोडणी. आणि वांगं जांभळं घेतलं असशील. आपलं हिरवट पांढरं असतं, हातभर लांब, गर भरपूर आणि बिया कमी. त्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, जळगावच्या केळीला पण त्याच वर्षी मिळालं. बामणोदचं का असोद्याचं चांगलं यावरून आमच्या घरी दोन गट आहेत, मी सासरच्या गटात नाही एवढंच सांगते.

लेवा_लेक | १२ जानेवारी, सायं. ६:१०

धागा झोपलाय, उठवते. आज मेहरूण तलावाकडे फिरायला गेलो होतो, चालत गेलो म्हणून नियमात बसतंय. एक आजी टोपलीत बोरं घेऊन बसल्या होत्या. मेहरूणची बोरं म्हणजे काय ते खाल्ल्याशिवाय कळत नाही, लहान, लालसर, पातळ सालीची, बाजारातल्या त्या सफरचंदासारख्या मोठ्या बोरांना नुसतं पाणी असतं. पण आता तिकडे बोरीची झाडं शोधावी लागतात, सगळीकडे प्लॉट. आजींना विचारलं तर म्हणाल्या चार झाडं राहिलीत, ती पण भाच्याच्या हद्दीत. अर्धा किलो घेतली, घरी पोचेपर्यंत भोगीच्या भाजीपुरतीसुद्धा राहिली नाहीत आणि मुलाच्या शर्टाच्या खिशात बिया सापडल्या, मशीनमध्ये.

शंकेखोर | १२ जानेवारी, सायं. ६:२५

बिया फेकू नका, प्लॉटमध्ये टाका. त्यांच्याच.

आप्पा_बोरीकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ८:२०

मंडळी, दादर (रब्बी ज्वारी) हुरड्यात आली आणि भोरड्या पण आल्या. पक्षी लई सुंदर, अंग फिकं गुलाबी, डोकं-पंख काळे, पुस्तकात गुलाबी मैना किंवा पळसमैना म्हणतात, मध्य आशियाकडून येतात. पुस्तकवाल्यांच्या वावरात दादर नसते. शे-दोनशेचा थवा कणसांवर बसला की दहा मिनिटांत पट्टा रिकामा. पोरगं डबा वाजवतंय, मी गोफण फिरवतोय, ते उठतात आणि वीस पावलांवर परत बसतात, आम्हाला व्यायाम देतात. त्या नाकतोडे आणि अळ्या पण खातात हे मान्य आहे, पण ते त्या माझ्यासमोर खात नाहीत.

तरी संध्याकाळी खरं सांगू का, त्या झोपायला निघतात तेव्हा मी शिव्या देत देत बांधावर बसून बघतो. सगळा थवा एकदम वळतो, मधेच काळा दिसतो मधेच नाहीसा होतो, आणि डोक्यावरून गेला की पंखांचा आवाज येतो, सूप पाखडल्यासारखा. बायको म्हणते, हाकलायला गेले होते का बघायला?

सातपुड्याखाली | ४ मार्च, सकाळी १०:००

बरेच दिवस नुसता वाचत होतो. शहाद्याकडचा आहे. नियम मोडतोय, मोटरसायकलवर अर्धा तास लागतो, पण ऐकून घ्या. काटेसावर फुलून गळत आली, सागाची पानं झडलीत, जंगल पार उघडं झालंय. हा काळ रानपिंगळा बघायचा. भर सकाळी उजेडात निष्पर्ण फांदीवर बसलेला असतो, बाकी घुबडांसारखं लपायचं नाव नाही.

याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसेल. १८७३ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालं, १८८४ नंतर पक्का नमुना कुणाला मिळाला नाही, लोकांनी संपला असं धरलं. मध्ये रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं १९१४ चा म्हणून एक नमुना दाखवला होता गुजरातेतला, तो चोरीचा निघाला, जुन्याच नमुन्यावर नवीन चिठ्ठी. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली आणि मग त्या आणि त्यांचे दोन सहकारी खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा शोधत शोधत नोव्हेंबर १९९७ मध्ये आमच्या शहाद्याजवळ आले, आणि तो समोर झाडावर बसलेला. ११३ वर्षांनी. मी तेव्हा सातवीत होतो, आमच्या घरापासून एवढ्या जवळ हे चाललंय याचा पत्ता नाही, आम्ही बहुतेक तेव्हा चिंचा पाडत होतो.

तुमच्या अंगणात संध्याकाळी जोडीनं कचकच भांडतात ते साधे पिंगळे, त्यांच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. जोडी दिसली म्हणून लगेच फोटो टाकून बातमी करू नका, मी एकदा केलंय.

शंकेखोर | ४ मार्च, सकाळी १०:२०

गाडी काढली. बाद.

गच्चीवाली_जळगाव | ४ मार्च, सकाळी ११:०५

११३ वर्षांसाठी अर्धा तास माफ.

निवृत्त_गार्ड_भुसावळ | १४ एप्रिल, सकाळी ८:००

परीट गेला. तारीख ९ किंवा १० लिहावी लागेल. येतो ते त्याच दिवशी दिसतं, जातो ते चार दिवसांनी लक्षात येतं, म्हणून कॅलेंडरवर जाण्याच्या तारखेपुढे दरवर्षी प्रश्नचिन्ह असतं.

गच्चीवाली_जळगाव | १ मे, रात्री ११:४५

काल आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. पारा ४४ च्या वर, फरशीवर पाय ठेवावत नाही, तरी खापरावरचे मांडे केले, बारा. घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, सांजोऱ्या, आमरस सगळं झालं. झोका मात्र नाही झाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा निंब होता, माझ्या लग्नाआधीपासूनचा, रस्ता काँक्रीटचा करताना फेब्रुवारीत तोडला. ज्यांना भेटायचं त्यांना भेटलो, कागद दिले, पोच घेतली, आणि पोच हातात असताना करवत चालू झाली. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी त्याला झोका बांधायच्या, गाणी म्हणायच्या, आणि एप्रिलमध्ये त्याच्या मोहोराचा वास रात्री गच्चीपर्यंत यायचा. यंदा रात्री गच्चीवर झोपलो आणि मिस्टर म्हणाले काहीतरी कमी वाटतंय, माठात वाळा टाकला नाही का? वाळा टाकला होता.

पोरींनी झोका गॅलरीच्या हुकाला बांधला शेवटी. दोन झोके घेतले की पाय भिंतीला.

धुळेकर_सध्या_चाकण | २ मे, दुपारी १२:३०

ताई वाईट वाटलं. मी घरी आलोय आखाजीला, धुळ्यापासून जवळच गाव, पांझरेच्या काठी. आमच्या गल्लीत सालदारांचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचे) हिशोब चालू आहेत, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवीन ठरतं, त्यामुळे नवीन वर्ष म्हटलं की मला गुढीपाडव्याऐवजी हेच आठवतं, ओट्यावर बसलेली माणसं आणि मधे चहाचे कप. आमचं घर अजून जुनं, वर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत. काल वडील आणि मी वर खारी टाकली, पांढरी माती असते, ती पसरली की पावसाचं पाणी खाली झिरपत नाही. वडील बासष्टचे, मला म्हणतात तू कंपनीत एसीत बसतोस, तुला जमणार नाही. एसी फक्त मशीनला आहे हे मी सांगितलं नाही. चार टोपल्यांत माझी कंबर गेली, रात्री त्याच धाब्यावर झोपलो, ऊन दिवसभर खाल्लेलं धाबं रात्री एकपर्यंत पाठीला गरम लागतं आणि मग पहाटे एकदम असं गार होतं की गोधडी ओढावी लागते. ती गोधडी ओढायची पाच मिनिटं, त्यासाठी मी सुट्टी टाकून आलो होतो बहुतेक.

आणि हो, भरीत आईनं ठेचून दाखवलं. मिक्सरचं तिला सांगितलेलं नाही, कुणी सांगू नका.

शंकेखोर | ८ जुलै, सकाळी ७:१५

पावसाळा सुरू. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ सकाळपासून सहा ग्रुपवर आला. तोच, चार वर्षांपूर्वीचा, ज्यात शेवटी कुणीतरी "ओ नाना, मागे सरका" ओरडतं.

लेवा_लेक | ८ जुलै, सकाळी ८:००

:) आमच्याकडे तरोट्याची कोवळी भाजी झाली काल. कंपाउंडच्या कडेनं आपोआप उगवते, फुकट, लसूण-मिरची घालून. कटुर्ले (करटोली) बाजारात दिसले पण भाव विचारून परत ठेवले.

आप्पा_बोरीकाठ | २० जुलै, रात्री ८:४०

सुगरणींनी काम काढलंय. विहिरीवर बाभूळ वाकलेली आहे, पाण्यावर लोंबणाऱ्या फांद्यांनाच घरटी बांधतात, साप-मांजर येऊ नये म्हणून. माझ्या मक्याची पानं फाडून नेऊ राहिले, एक लांब पट्टी ओढायची आणि उडायचं. आपण नाव सुगरण ठेवलंय पण विणतो तो नर, पिवळ्या डोक्याचा. अर्धवट, टोपीसारखं झालं की थांबतो, पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती येते, आत बघते, पसंत नसलं तर निघून जाते आणि हा बिचारा ते तसंच सोडून दुसरं घेतो. माझ्या बाभळीवर एकानं तीन अर्धी सोडलीत. आमचं पोरगं त्याला नापास म्हणतं. आता चौथं चालू आहे.

लेवा_लेक | २० जुलै, रात्री ९:००

आजी सांगायची सुगरण घरट्यात ओल्या मातीला काजवा चिकटवते, उजेडासाठी.

निवृत्त_गार्ड_भुसावळ | २० जुलै, रात्री ९:२०

मातीचे गोळे खरोखर लावतात, नर लावतो. काजवा ही आपल्या आज्यांची भर. एका घरट्याला पाचशेपर्यंत खेपा होतात असं वाचलंय आणि पूर्ण व्हायला अठरा दिवस तरी जातात. आप्पा, तीन नापास म्हणजे त्याच्या किती खेपा वाया गेल्या हिशोब करा.

आप्पा_बोरीकाठ | २० जुलै, रात्री ९:३५

हिशोब नको साहेब, मी कपाशी लावतो.

शंकेखोर | २६ जुलै, दुपारी ३:००

चौथ्याचं काय झालं आप्पा? आमच्या ऑफिसात विचारू राहिलेत.

आप्पा_बोरीकाठ | २७ जुलै, रात्री ७:५०

पास! आज सकाळी मादी दोनदा आली, फांदीवर बसली, आत गेली, बाहेर आली, तिसऱ्यांदा आत गेली ती बसलीच. नर बाहेरून लगेच पुढचं विणायला लागला, खालची नळी. वरच्या वावरात पावसानं आठ दिवस दडी मारलीय म्हणून मोटर चालू करून दिली होती आणि पाच मिनिटं बघू म्हणून विहिरीवर थांबलो होतो. तासभर गेला. पाट फुटून सगळं पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून गाडरस्त्यात. बायको डबा घेऊन आली तेव्हा तिची चप्पल चिखलात रुतली, एक मिळाली, एक अजून शोधू राहिलोय.